नवशिक्याचा हात बसू नये म्हणून

तुम्हाला विणता येतं. मोजे, टोपरी, गोल गळा, व्ही गळा, जाळीची वीण, सगळं टीव्ही बघत बघत. अभिनंदन. अशा वेळी शेजारी कोणी नव्या सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन पहिल्यांदाच विणायला बसलेलं दिसलं, तर गप्प राहणं तुम्हाला शोभत नाही. समाजाचं आपण काही देणं लागतो. मागच्याच आठवड्यात एका जाणकार बाईंनी हे देणं माझ्यावर सव्याज फेडलं, त्यामुळे पद्धत माझ्या डोक्यात अगदी ताजी आहे. लिहून घ्या.

सुरुवात सुयांपासून. नवशिक्याने कौतुकाने सुया दाखवल्या की हातात घ्यायच्या, टोकावरून बोट फिरवायचं आणि विचारायचं, "ह्या कशाला घेतल्यास?" बांबूच्या असतील तर स्टीलच्या घ्यायला हव्या होत्या, स्टीलच्या असतील तर बांबूच्या. बांबूवर लोकर जरा धरून राहते, टाके आपोआप घसरत नाहीत, नवख्या हाताला तेच सोयीचं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच बोलायचं नाही. वर सल्ला मोघम द्यायचा: "आठ नंबरच्या घे." ब्रिटिश मोजणीत आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन मोजणीत ५. ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन वाढला की जाड. मिलिमीटर सांगितले तर हा सगळा घोळ एका शब्दात मिटतो, तेव्हा मिलिमीटर चुकूनही तोंडातून निघता कामा नयेत.

लोकर काळी घ्यायला सांगा. मळत नाही, आणि टाकेही दिसत नाहीत.

केसाळ मिळाली तर सोन्याहून पिवळं. ती धड उसवतही नाही.

दोरा उजव्या हातात धरला असेल तर डाव्यात धरायला लावा, डाव्यात असेल तर उजव्यात.

मग विचारा, काय चाललंय? "मफलर" असं उत्तर येईल. "नुसते सुलट टाके?" असं म्हणून एक सुस्कारा सोडा. सुस्काऱ्याने भागलं नाही, तर हुकमी एक्का काढा: "अगं, बाजारात तयार मिळतात की!" जणू विणणाऱ्यांना हे माहीतच नव्हतं. विल्यम ली नावाच्या इंग्रजाने मोजे विणायचं यंत्र १५८९ साली केलं. तेव्हापासून तयार मिळतंय. तरीही माणसं हाताने विणतात, म्हणजे त्यांना मफलरखेरीज आणखी काही हवं असणार, एवढा विचार करायला चारशे वर्षं कमी पडली असतील तर तुमचं बरोबरच आहे.

टाके मोजायची वेळ आली की जवळ सरकून बसा. तिसाचे चौतीस झालेले असतात. हसा. ओळ सुरू करताना दोरा सुईवरून मागे ओढला गेला की पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात, नवशिका दोन्ही विणतो आणि एकाचे दोन होतात. दोरा खाली पुढच्या बाजूला घेऊन सुरुवात कर, एवढं वाक्य पुरतं. ते सांगू नका. "असं कसं गं झालं तुझं?" हे विचारा.

आणि आता मुख्य कार्यक्रम. एखादा टाका सुटेल, दोन ओळी खाली घसरेल, नवशिका त्याच्याकडे डोळे फाडून बघेल. तो टाका धरायला क्रोशाची सुई लागते आणि पाच मिनिटांचा धीर. तुम्ही यातलं काही काढू नका. हात पुढे करा आणि म्हणा, "दे इकडे."

दे इकडे! विचारत नाहीत, सांगतात. तोवर सुया गेलेल्याही असतात. टाका कसा उचलला ते दिसत नाही, कारण बाईंचा हात विजेसारखा चालतो आणि तोंड त्याहून जोरात. टाका उचलून झाला की थांबायचं ना? नाही. "आता हातात घेतलंच आहे तर" म्हणून गप्पांच्या नादात वीतभर विणून काढतात. त्यांची वीण घट्ट, माझी सैल. त्यामुळे मफलरला मधेच कंबर येते. तेवढ्यावरही भागत नाही. मी सगळ्या ओळी सुलट विणत होते, कारण तशी वीण सपाट राहते. बाईंनी एक ओळ सुलट, एक उलट असं सुरू केलं. का? "छान दिसतं." दिसतं ना. मग दोन्ही कडा मागे वळून त्याची सुरळी होते तीही बघायची होती! आणि एवढं करून, कोणाचा तरी फोन आला म्हणून, अर्ध्या ओळीत सोडून गेल्या. अर्धे टाके या सुईवर, अर्धे त्या सुईवर. गुंड्याकडे जाणारा दोरा ज्या सुईवरून लोंबतो ती उजव्या हातात घ्यायची, हे शिकायला मला अख्खी संध्याकाळ घालवावी लागली. घट्ट टाके बांबूवरून सरकेनात. ओढून ओढून बोटं दुखली.

वर जाताना म्हणाल्या, "बघ, किती पुढे गेलं तुझं!"

माझं? माझं काही पुढे गेलं नाही. मला मफलर पुरा करायची घाई नव्हतीच. मला तो सुटलेला टाका स्वतः धरायचा होता. हात बसायला हात चालवावा लागतो, आणि तो ज्याचा त्याने. तुमचा हात तीस वर्षांपूर्वी बसला असेल, तेव्हा तुमच्याही मफलरला भोकं पडली असतील. कोणी तरी तेव्हा तुमच्या सुया हिसकावल्या नाहीत, म्हणून आज तुम्हाला येतंय.

मदतच करायची आहे ना? मग आधी विचारा, "सांगू का?" नको म्हटलं तर नको. हो म्हटलं तर आपल्या सुया आणा, आपली लोकर आणा, आणि आपल्या हातात दाखवा. हळू. पुन्हा विचारलं तर पुन्हा दाखवा. एवढा धीर नसेल तर दुसऱ्या खोलीत जाऊन बसा.

आणि बाई, तुमची ती वीतभर पट्टी मी उसवली. सगळी. परत विणते आहे, नुसते सुलट टाके, सैल हाताने. बघायला यायचं तर या, पण हात लावायचा नाही.