‘सायलेंट म्हणून विकला, सँडर चालत नाही’: या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही आमच्याकडून घेतलेल्या 1 एचपी, 24 लिटरच्या ऑइल-फ्री कॉम्प्रेसरला दोन तारे दिलेत. तुमच्या तक्रारी चार आहेत. सायलेंट म्हणवणारं मशीन खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं, हवेवरचा सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, अर्ध्या मिनिटात दम टाकतो, मोटर कधीकधी नुसती घूं करते आणि उचलत नाही, आणि टाकीतून पाणी निघतं. याच पैशात 2 एचपीचं मशीन मिळत होतं, दुकानदाराने भलतंच गळ्यात मारलं, असंही तुम्ही लिहिलंय. घरच्या वर्कशॉपसाठी मशीन शोधणारे बरेच जण इथे येऊन वाचतात, म्हणून फोनवर न बोलता इथेच सविस्तर लिहितो.

सँडरपासून सुरू करतो, कारण खरी अडचण तिथे आहे. काउंटरवर तुम्ही कामं सांगितली होती ती ब्रॅड नेलरने (हवेवर बारीक खिळे मारणारं यंत्र) पट्ट्या ठोकणं, भुसा झटकणं आणि गाडीच्या चाकात हवा भरणं. या तिन्ही कामांना हे मशीन पुरून उरतं. हवेवरचा सँडर तुम्ही नंतर दुसरीकडून घेतलात. त्याला सलग 8 ते 12 सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट, हवा लागते. 1 एचपीचं ऑइल-फ्री मशीन 6 बारच्या आसपास (बार हे हवेच्या दाबाचं माप) प्रत्यक्षात देतं साधारण 3 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 85 लिटर. सँडर 10 सीएफएमने ओढत असेल तर त्याला मिनिटाला 283 लिटर हवे. टाकी 8 बारवरून 5 बारवर येईपर्यंत तिच्यातून 72 लिटर हवा मिळते. मशीन भरत असतं ते 85 लिटर वजा करून हिशोब मांडलात तर वीस-बावीस सेकंद येतात, तुम्ही म्हणता ते अर्धं मिनिट जवळपास तेवढंच. मशीन बिघडलेलं नाही, त्याच्याकडून त्याच्या तिप्पट काम मागितलं जातंय. आणि असं सतत चालवू नका, ही कळकळीची विनंती. ऑइल-फ्री मशीनमध्ये पिस्टनची रिंग टेफ्लॉनची असते, तेलाचा आधार नसतो. जितका वेळ चालेल तितका वेळ त्याला विश्रांती मिळाली पाहिजे, नाहीतर रिंग लवकर जाते.

सँडिंगच करायचं असेल तर विजेवरचा ऑर्बिटल सँडर घ्या. तो साधारण 300 वॉटवर चालतो. हवेच्या सँडरसाठी मोठं मशीन घेणं फ्लॅटमध्ये मला कधीच पटलेलं नाही, आणि तसं मी गिऱ्हाइकाला सांगतोही.

आता त्या 2 एचपीच्या मशीनबद्दल. त्या किमतीत मिळतं ते डायरेक्ट-ड्राइव्ह, म्हणजे पट्ट्याशिवाय मोटर थेट पंपाला जोडलेलं, मोटर मिनिटाला 2800 फेऱ्यांची. आवाज 90 डेसिबलच्या घरात. तुमची मोटर 1400 फेऱ्यांची आहे, आवाज 70 च्या आसपास. दर 10 डेसिबलला कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो, म्हणजे ते मशीन तुम्हाला चौपट मोठं वाटलं असतं. आणि तेवढं सोसूनही सँडरला सलग पुरेल एवढी हवा त्याने दिली नसती. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल आहे. बाल्कनीत ते मशीन लावलं असतं तर सोसायटीची नोटीस नक्की आली असती.

‘सायलेंट’ या शब्दावरचा तुमचा राग मात्र रास्त आहे. कंपन्या खोक्यावर डेसिबलचा आकडा छापतात, पण तो किती अंतरावरून मोजला ते बहुतेक वेळा लिहीत नाहीत. 1 मीटरवरचा आकडा आणि 4 मीटरवरचा आकडा यात मोकळ्या जागेत 12 डेसिबलचा फरक पडतो. म्हणून आम्ही काउंटरवर मशीन चालू करून दाखवतो. तुम्हीही ऐकलं होतंत, पण आमचं शटर उघडं असतं, आणि तुमची बाल्कनी काचेने बंद आहे.

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. मशीन थेट टाइल्सवर, दोन भिंतींच्या कोपऱ्यात चिकटून उभं आहे. मागचा एक रबरी पाय निघालेला दिसतो, त्यामुळे लोखंड लादीला टेकलंय. खालच्या मजल्यावर पोचते ती हीच धडधड, स्लॅबमधून उतरणारी. तो पाय बसवा, खाली जाड रबरी मॅट टाका, मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. फरक त्याच दिवशी कळेल. प्लायवुडच्या पेटीत मात्र बंद करू नका. बरेच जण करतात, मग हेड, म्हणजे पंपाचा वरचा भाग, तापून ओव्हरलोडचा स्विच पडतो आणि मशीन परत आमच्याकडे येतं.

त्याच फोटोत घूं करण्याचं कारणही दिसतंय. मशीन मोबाइल चार्जरच्या शेजारी, बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावलंय. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, वायर बारीक आणि लांब असली की व्होल्टेज पडतं आणि मोटर उचलत नाही. नुसती घूं करायला लागली की लगेच बंद करा, मोटरचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळू शकतं. मशीन थेट 16 अँपियरच्या पॉवर पॉइंटवर लावा आणि लांबी हवी असेल तर हवेचा पाइप लांब घ्या. तरीही उचललं नाही तर प्रेशर स्विच, म्हणजे दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा स्विच, पाहावा लागेल. कटऑफ झाल्यावर, म्हणजे टाकी भरून मोटर बंद झाल्यावर, ‘फुस्स’ असा छोटा आवाज यायला हवा, त्याने हेडवरचा दाब सुटतो. तो आला नाही किंवा फुसफुस थांबलीच नाही, तर अनलोडर (तो दाब सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा एनआरव्हीत (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) कचरा असू शकतो. ते काम आमचं.

पाण्याचं म्हणाल तर पावसाळ्यात ते येणारच. हवेतलं बाष्प दाबाखाली टाकीत साठतं, दमट दिवसात एक टाकी भरताना चमचाभर सहज. काम संपलं की दाब थोडा उतरवून खालचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) रोज उघडा, नाहीतर टाकी आतून गंजते. पॉलिश मारणार असाल तर पाइपच्या आधी वॉटर सेपरेटर हवाच.

‘मशीन बदलून दिलं नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. न बिघडलेलं, वापरलेलं मशीन बदलून देणं मला जमणार नाही. पण आमचा मेकॅनिक तुमच्या सोयीने घरी येईल. रबरी पाय बसवेल, एनआरव्ही आणि हेड गास्केट तपासेल, मीटरने 1 मीटरवरून आवाज मोजेल. याचे पैसे नाहीत. योग्य जागी, योग्य वायरवर आवाज कंपनीच्या आकड्यापेक्षा जास्त भरला, तर मशीन मी परत घेईन आणि पूर्ण रक्कम देईन.

बिलावरच्या नंबरवर वेळ कळवा, रविवार सोडून कधीही. तोपर्यंत सँडर जोडू नका आणि तो एक्स्टेंशन बोर्ड आजच काढा.