मशीन मारल्यानं सोनूचे केस गळायचे थांबणार नाहीत, मावशी

रविवारी सकाळी मिरजेहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला. "बघ गं, किती मोकळं वाटतंय त्याला!" म्हणत तिनं फोन पलंगाखाली धरला. तिथं सोललेल्या रताळ्यासारखं काहीतरी अंग चोरून बसलं होतं. तो सोनू. तिचा सहा वर्षांचा पांढरा पॉमेरेनियन, परवापर्यंत कापसाच्या गाठोड्यासारखा दिसणारा.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलंय. पशुवैद्यांनीच सांगितलंय."

तो मेसेज मलाही तीन ठिकाणांहून आलाय, तुम्हालाही आला असेल. 'लांब केसांच्या छोट्या कुत्र्यांचे केस गळतात? हे करा.' उन्हाळ्याच्या तोंडावर मशीन मारा. रोज आपल्याच शाम्पूनं अंघोळ घाला. हळद-कडुनिंबाचा लेप लावा. गोचिडांसाठी रॉकेल चोळा. रोज एक कच्चं अंडं आणि लसणाची पाकळी द्या. आणि शेवटी धमकी: 'कुत्र्याचा एक केस पोटात गेला तरी गाठ होते!' खाली सही 'एक ज्येष्ठ पशुवैद्य'. नाव नाही, गाव नाही. वरचा फोटो तर पॉमचाही नाही, शिह त्झू या दुसऱ्याच जातीचा आहे.

त्या फोटोपासूनच सुरुवात करते, कारण घोळ तिथंच आहे. शिह त्झू, ल्हासा यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात. ते कापावेच लागतात, कापून काही बिघडत नाही. पॉमचं तसं नसतं. सोनूच्या पाठीवर बोटांनी भांग पाडून पाहिला असता तर मावशीला दोन थर दिसले असते. वर लांब, सरळ, जरा राठ केस आणि खाली कातडीलगत पिंजलेल्या कापसासारखी लोकर. ही लोकर वर्षातून साधारण दोनदा झडते. सोफ्यावर, पुजेच्या पाटावर, आमटीत जे सापडतं ते बहुतेक तेच. हा काही रोग नाही.

मशीन हे दोन्ही थर एका उंचीवर कापतं. मुळं जागेवरच राहतात. म्हणजे केस गळायचे ते गळतातच, फक्त आखूड होऊन गळतात. दोन दिवसांनी मावशीच सांगत होती, सतरंजीत बारीक कुसळं रुतून बसतात, झाडूनं निघत नाहीत. आधीचे लांब केस निदान गोळा होऊन कोपऱ्यात तरी सापडायचे.

'पण आपल्या सांगलीचा उन्हाळा!' हो, पारा चाळिशी ओलांडतो, मला काय नवीन आहे? पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्यानं गार होतो. घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. केस काढले की वारं लागेल आणि बरं वाटेल, हा हिशेब माणसाचा. त्याचा कोट, म्हणजे केसांचे हे दोन थर, ऊन कातडीपर्यंत पोचू देत नाही. उकडतंय म्हणून कुणी घराची कौलं उतरवतं का? त्यात पांढऱ्या कुत्र्याची कातडी गुलाबी, ती चक्क भाजते. आणि सोनूची दुपार जाते गच्चीवर.

याहून वाईट गोष्ट मला मावशीला फोनवर सांगवली नाही. म्युलर आणि कर्क यांच्या नावानं ओळखला जाणारा, कुत्र्या-मांजरांच्या त्वचारोगांवरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ आहे. सातवी आवृत्ती २०१३ ची. पशुवैद्यकात त्याचा शब्द मानतात. दाट कोटाच्या कुत्र्यांचे केस मशीननं काढल्यावर ते लवकर परत न येणं, हा त्यात चक्क स्वतंत्र विकार म्हणून नोंदवलेला आहे. कापलेल्या जागची मुळं जणू झोपी जातात. सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. आले तरी कधी कधी पोत निराळा, ठिगळं लावल्यासारखा. त्यात पॉममध्ये 'अलोपेशिया एक्स' नावाचा केस जाण्याचा आजार मुळातच आढळतो. मशीन मारल्यावर केस आले नाहीत, तर हा की तो, हे ठरवताना डॉक्टरचंही डोकं फिरतं.

"आमच्या शेजारच्यांच्या कुत्र्याचे आले की!" येतात. बऱ्याच कुत्र्यांचे येतात. कुणाचे येणार नाहीत हे मशीन लावण्याआधी सांगता येत नाही, एवढंच. जटा झाल्यात, जखम आहे, तर डॉक्टर स्वतः केस काढतात, ते वेगळं. पंजांमधले, शेपटीखालचे केस कात्रीनं कमी करा, खुशाल करा. पाठीला मशीन लावू नका.

बाकीचे उपाय झटपट संपवते. रोजची अंघोळ: कुत्र्याच्या कातडीचा सामू (pH) आपल्यापेक्षा उदासीनतेच्या जवळ असतो, म्हणजे ती आपल्याइतकी आम्ल नसते. आपल्या शाम्पूनं ती कोरडी पडते, खाज सुटते आणि केस आणखी जातात. महिना-दीड महिन्यातून एकदा, कुत्र्यांच्या शाम्पूनं, आणि लोकर मुळापर्यंत वाळवून. हळद: सांगलीत राहून हळदीविरुद्ध बोलायची माझी हिंमत नाही. पांढरा कुत्रा पिवळा होईल आणि केस गळायचे तेवढे गळतील. रॉकेल: कातडी भाजते, कुत्रा ते चाटतो, फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. गोचिडांचं औषध वजनाप्रमाणे डॉक्टरकडून आणा. कच्चं अंडं: पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं, आणि बायोटिन केसांनाच लागतं. एका अंड्यानं आभाळ कोसळत नाही, पण उकडून द्यायला काय होतं? लसूण: कांद्याच्या कुळातला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. तीन किलोच्या जिवाला रोज एक पाकळी हा काय उपाय झाला?

आता ती गाठ. इथं मला नाइलाजानं थोडं मागं सरावं लागतंय, कारण माझी आजीही हेच सांगायची आणि ती अगदीच चुकत नव्हती. केसानं गाठ होत नाही. होते ती एकायनोकॉकस नावाच्या फीतकृमीच्या अंड्यांनी. ती कुत्र्याच्या विष्ठेतून येतात, केसांना चिकटू शकतात आणि हाताबरोबर आपल्या तोंडात गेली तर यकृतात, फुफ्फुसात पाण्यानं भरलेली गाठ तयार होते. पण कुत्र्याला हा जंत लागतो तो मेंढ्या-बकऱ्यांचे कच्चे अवयव खाऊन. जत, आटपाडीसारखा मेंढरांचा मुलूख आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा भीती पोकळ म्हणणार नाही. फक्त तिचा इलाज मशीन नाही. कच्चं काळीज-फुफ्फुस घालू नका, कुत्र्याला हात लावल्यावर हात धुवा आणि जंताचं औषध चुकवू नका. हा रोग आटोक्यात आणायला जागतिक आरोग्य संघटना कुत्र्यांना वर्षातून किमान ४ वेळा प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्यायला सांगते. सोनूला शेवटचं कधी दिलंस, असं विचारलं तर मावशी म्हणाली, "मागच्या गणपतीत... का त्याच्या मागच्या?"

केसांवर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे म्हणून कुणी फॉरवर्ड करत नाही. फणी. आमची चिंगी पण पॉम. सकाळी गच्चीत जुना पेपर पसरायचा, केसांवर पाण्याचा हलका फवारा मारायचा, एका हातानं केसांचा थर वर धरायचा आणि खालची एकेक ओळ कातडीपासून टोकापर्यंत विंचरत वर सरकायचं. नुसता वरवर ब्रश फिरवला तर खाली जटा तशाच. पंधरा मिनिटांत ओंजळभर लोकर निघते, म्हणजे तेवढी सोफ्यावर जात नाही. एरवी आठवड्यातून तीनदा, झडीच्या दिवसांत रोज. जोडीला नुसतं दूध-चपाती बंद. केस प्रथिनांचे बनतात, चपातीचे नाहीत. आणि गोल चट्टे पडले, खाज थांबेना, कातडी काळी पडली किंवा दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेले, तर फणी ठेवा आणि डॉक्टर गाठा.

सोनूला आता सकाळी सातच्या आत फिरवून आणायचं ठरलंय, गच्ची बंद. मावशीनं जुन्या सुती साडीचं झबलं शिवलंय त्याला. हे सगळं ग्रुपवर टाकायचंही तिनं कबूल केलं. म्हणाली, "पण छोटं करून दे, एवढं कोण वाचतंय?"