फुसकारणारं झुरळ आणि रामबागेतली घबराट

आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आठवडाभर हाच मेसेज फिरतोय: ‘सावधान! मुलं मादागास्करची राक्षसी झुरळं पाळताहेत. ती उडून अंगावर येतात, विष फुसकारतात. अंडी चपलेला चिकटून घरभर होतात. एक निसटलं तर गटारातून शहर भरेल.’ खाली पांढऱ्याफटक झुरळाचा फोटो, ‘नवी घातक जात’ म्हणून. रामबागेत भाच्याच्या खोलीत अशी अकरा आहेत. ताईचा घाबरून फोन आला, “पेटी गच्चीवर ठेवू का रे?”

उडायला पंख हवेत. यांना ते नसतातच, ना नराला ना मादीला. चढतात मात्र गुळगुळीत काचेवरसुद्धा, म्हणून भाच्याने पेटीच्या काठाला आतून बोटभर व्हॅसलीन फासलंय.

फुसकारा खरा, विष खोटं. पोटाच्या कडेच्या श्वासछिद्रांतून हवा जोरात ढकलली की तो आवाज येतो. मी पहिल्यांदा एक उचललं तेव्हा कुकर शिट्टीआधी करतो तसं फुस्स झालं आणि मीच हात झटकला. “मामा, वरून झडप घालू नको, तळहात पुढे धर, येईल ते,” इति भाचा. आलंही. नर एकमेकांशी भांडतानाही फुसकारतात. मानेवरच्या ढालीला दोन टेंगळं असतात, त्यांनी एडक्यासारख्या ढुशा देतात.

अंडी चपलेला लागणार कुठून? मादी अंड्यांची पिशवी पोटात वागवते आणि साधारण दोन महिन्यांनी थेट पिल्लंच बाहेर येतात, वीस-तीस सहज. अंड्यांची डबी कोपऱ्यात टाकून जाणारं ते आपलं मोरीतलं लाल झुरळ.

पांढरा फोटो नुकतीच कात टाकलेल्याचा. काही तासांत ते पुन्हा तपकिरी होतं.

शहर भरण्याचं म्हणाल, तर हा उबदार जंगलातल्या पालापाचोळ्यातला जीव. 20 अंशांखाली तो सुस्तावतो, पिल्लं होणं थांबतं. आणि इंदूरची जानेवारीतली रात्र सगळ्यांना ठाऊक आहे. तरी परदेशी जीव बाहेर सोडू नयेच. फ्लोरिडात हवा उबदार, तिथे हे पाळायला परवाना लागतो, तो उगाच नाही.

खरी काळजीची गोष्ट मेसेजात नाहीच: कात आणि विष्ठेच्या भुग्याची ॲलर्जी होऊ शकते, ओल्या खोक्यात बुरशीही धरते. आणि पेटी आहे आईच्या पलंगाशेजारी. तिला दमा आहे.

ताईला म्हटलं, गच्चीवर नको, गारठून मरतील. जिन्याखालच्या खोलीत हलव. झुरळांना लपायला पेटीत ठेवलेले कोंबडीच्या अंड्यांचे पुठ्ठे बदलताना भाच्याने तोंडाला रुमाल बांधायचा. एवढं केलं की झालं.