चार दिवसांत अख्खं अंदमान होत नाही

परवा रात्री मावसबहिणीने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, हे बरोबर आहे ना? फेब्रुवारीची तिकिटं उद्या काढतोय." ती कराडला राहते. सोबत नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि मधुमेह असलेले सासरे. यांच्यापैकी कुणीही आजवर बोटीने समुद्र ओलांडलेला नाही. मेसेज मी लगेच ओळखला, कारण सोसायटीच्या आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तो आधीच येऊन गेला होता. 'चार दिवसांत अख्खं अंदमान, तेही निम्म्या पैशात' असा मथळा. आत म्हटलंय की तीन रात्री पुरतात, त्यात पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि बाराटांग सगळं बसतं. पावसाळ्यात गेलात तर खर्च निम्मा. बोटीचं तिकीट धक्क्यावर मिळतं, आणि परतीच्या दिवशी सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडता येतं. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, शेवटच्या दिवशी ठेवावं. बाराटांगच्या वाटेवर मुलांना तिथल्या जंगलातले जारवा आदिवासी दाखवावेत, बिस्किटांचे पुडे हाताशी ठेवावेत. आठवण म्हणून शंख आणि प्रवाळ गोळा करून आणावेत. आणि सेल्युलर जेल तासाभरात उरकतं.

मी अंदमानला दोनदा गेले आहे, पहिल्यांदा साधारण अशीच आखणी घेऊन. बहिणीला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण हा मेसेज वाचून पहिल्यांदा समुद्रावर निघालेली अशी पुष्कळ घरं असणार.

पहिला मुद्दा चार दिवसांचा. कराडहून पुणे किंवा मुंबई गाठायची, तिथून बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलून पोर्ट ब्लेअर. या शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. हॅवलॉक आणि नील यांची नावंही २०१८ मध्ये स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, म्हणून तिकिटावर ती दिसली तर गोंधळू नका. जायला एक दिवस, यायला एक दिवस. हातात उरले दोन.

हे दोन दिवसही आपण समजतो तेवढे लांब नसतात. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या जवळजवळ वीस अंश पूर्वेला आहे. अंशाला चार मिनिटं धरली तर ऐंशी मिनिटांचा फरक पडतो, पण घड्याळ दोन्हीकडे एकच. त्यामुळे तिथे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि फेब्रुवारीतही साडेपाचच्या आत. माझ्या पहिल्या सहलीत एजंटने हॅवलॉकचं वेळापत्रक आपल्याकडच्या घड्याळाच्या सवयीने आखलं होतं: दुपारी जेवण, थोडी विश्रांती, पाच वाजता तिथल्या राधानगर पुळणीवर सूर्यास्त. डिसेंबर होता. आम्ही पोचलो तेव्हा आकाशात नुसता लालसर पट्टा उरला होता, आणि जीवरक्षक शिट्ट्या मारून लोकांना पाण्याबाहेर काढत होते. ज्या पुळणीसाठी इतक्या लांब आलो, ती आम्ही मोबाइलच्या उजेडात पाहिली. अंधारात पाण्यात न उतरण्याचा नियम तिथे कसोशीने पाळायचा, कारण या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच एका परदेशी तरुणीचा मगरीने जीव घेतला. अशा घटना क्वचित होतात, पण मगरीची पाटी दिसली तर तिथे पाण्यात जायचंच नाही.

म्हणून दिवस उलटा मोजायचा. पावणेसहाला उजाडतं, तेव्हा उठायचं, समुद्र सकाळीच घ्यायचा आणि राधानगरला साडेतीनपर्यंत पोचायचं.

आता या दोन दिवसांत चार ठिकाणं बसवून बघा. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोटीने दीड ते दोन तास, सरकारी बोटीने अडीचच्या आसपास, शिवाय धक्क्यावर आधी जाऊन थांबायचं ते वेगळं. हॅवलॉकहून नील, नीलहून परत, प्रत्येक वेळी सामान बांधा, रांग लावा, सामान सोडा. बाराटांग तर पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास. पहाटे तीन-चारला निघून जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्याची वाट बघायची, मग रस्ता, मग खाडी ओलांडायची, मग छोट्या बोटीने कांदळवनातून चुनखडीच्या गुहेपर्यंत, आणि तेवढंच सगळं परत. एक अख्खा दिवस गेला. नऊ वर्षांचं पोर गाडीत झोपतं आणि सासरे हॉटेलवर थांबतो म्हणतात.

माझं मत स्पष्ट आहे. प्रवास धरून चारच दिवस असतील तर अंदमान पुढच्या वर्षावर टाका आणि तारकर्लीला जा. कुडाळपर्यंत रेल्वे, तिथून गाडीने मालवण. पुळण आहे, नारळ आहेत, समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला आहे, आणि दिवस प्रवासात संपत नाहीत. पाणी अंदमानइतकं नितळ नाही हे खरं. पण पहिल्या सहलीत मुलाला लाटांची भीती वाटते की मजा, सासऱ्यांना दमट हवा सोसते की नाही, हे तिथेही कळतं. अंदमानच हवं असेल तर सहा दिवस काढा आणि बेट एकच धरा.

पावसाळ्यात निम्मा खर्च आणि समुद्र तोच, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. दरवर्षी मे महिन्यात आपण सगळे पेपरात 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी वाचतो. केरळला तो १ जूनच्या सुमारास येतो, अंदमानात त्याच्याही आधी. म्हणजे आपल्याकडे आंबे चालू असतात तेव्हाच तिथला पावसाळा सुरू झालेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस पुन्हा येतो, बंगालच्या उपसागरातली वादळंही तेव्हाचीच. समुद्र खवळला की बोटी बंद, पाणी गढूळ झालं की खालचं प्रवाळ दिसत नाही. स्वस्तात मिळते ती हॉटेलची खोली, आणि मग बसायचंही त्या खोलीतच. पोहणाऱ्या, वेळेची घाई नसलेल्या तरुणांनी जरूर जावं, जंगल तेव्हा फार सुंदर असतं. पहिल्यांदा निघालेल्या कुटुंबासाठी मात्र जानेवारी ते एप्रिल हाच काळ.

बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवण्याचा सल्ला सगळ्यात महागात पडू शकतो. डिसेंबर २०१६ मध्ये 'वरदा' वादळ तयार होत असताना हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले आणि नौदलाला जहाजं पाठवून त्यांना बाहेर काढावं लागलं. तो ऐन हंगाम होता, ज्याला सगळे सुरक्षित समजतात तो. एवढं मोठं काही न होताही बोट दोन तास उशिरा सुटते किंवा फेरी रद्द होते. समुद्राची एसटी आहे असं समजून चालू नका. विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये मुक्काम हवाच. तिकिटं धक्क्यावर मिळण्याचं म्हणाल, तर सुट्ट्यांच्या दिवसांत खासगी बोटी आधीच भरतात आणि सरकारी बोटीवर तिथल्या रहिवाशांचीच गर्दी असते. त्यांच्यासाठी ती रोजची गाडी आहे. विमानाचं तिकीट काढलं त्याच आठवड्यात बोटीचंही काढा. आणि ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोटही लागते. गोळी बोटीत बसण्याआधी घ्यायची असते, डॉक्टरांना विचारून.

भरती-ओहोटीचं या मेसेजमध्ये नावही नाही. नीलवरचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच जवळून बघता येतो. भरतीला गेलात तर लांबूनच परत. कोकणातली माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ तोंडी सांगतात, पण ते गणित आपल्या किनाऱ्याचं. अंदमानचं कोष्टक वेगळं, तेव्हा रात्रीच हॉटेलवर उद्याची ओहोटी विचारून ठेवा. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या प्रवाळावर अनवाणी चालू नका. ते काचेसारखं कापतं, आणि मधुमेह असलेल्या माणसाला पायाची जखम म्हणजे काय ते घरातल्यांना सांगायला नको. सासऱ्यांसाठी रबरी तळाच्या चपला-बूट सामानात पहिल्यांदा टाका.

आता स्कूबा. शेवटच्या दिवशी स्कूबा हा सल्ला देणाऱ्याला त्यातला धोका माहीत नसावा. पाण्याखाली दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, त्याला वेळ लागतो. विमानाच्या केबिनमधली हवा समुद्रसपाटीसारखी नसते, कळसूबाईच्या माथ्यावरच्या हवेपेक्षाही सहसा विरळ असते. तेवढ्या कमी दाबात उरलेल्या वायूचे बुडबुडे होतात. सांधे दुखण्यापासून अर्धांगवायूपर्यंत काहीही होऊ शकतं. एक उथळ डुबकी मारली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, जास्त डुबक्या किंवा सलग दिवस केलं असेल तर किमान १८ तास थांबायचं, असं स्कूबा करणाऱ्यांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्था सांगतात. मी तर पूर्ण दिवस मध्ये ठेवते. म्हणजे स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्याच सकाळी. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. पण सर्दी झाली असेल तर नको, कानावरचा दाब सोसवत नाही. दमा, रक्तदाब, मधुमेह असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. आणि भाच्यासाठी तर नाहीच: समुद्रातल्या डुबकीला वयाची अट सहसा दहा पूर्ण अशी असते. बहिणीचा हिरमोड झाला. पण हॅवलॉकच्याच एलिफंट बीचला लाइफजॅकेट घालून, नळीने श्वास घेत वरवर तरंगत तो जे मासे बघेल, ते नऊ वर्षांच्या मुलाला पुष्कळ झाले.

जारवांविषयीची ओळ मी तीनदा वाचली. 'मुलांना दाखवा', 'बिस्किटं ठेवा'. ही माणसं आहेत. चारशेच्या आसपास उरलेला एक समाज, ज्याच्या जंगलातून आपण रस्ता काढला. १९५६ च्या संरक्षण नियमावलीने त्यांचा प्रदेश राखीव आहे. तिथे गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला देणं हे सगळं गुन्ह्यात येतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये राखीव क्षेत्रातून जाणारा हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तरी त्यावरून अजून ताफे जातात. २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली. तेव्हा आपल्याला लाज वाटली होती ना? बिस्किटाचा पुडा ही त्याच गोष्टीची सुरुवात असते. आणि बिस्किटासोबत आपला खोकलाही जातो. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. बाहेरच्या रोगांनी ग्रेट अंदमानी लोकांचं काय झालं हे त्या बेटांना ठाऊक आहे: हजारोंचा समाज, आज पन्नासच्या आसपास माणसं. गुहा बघायची म्हणून बाराटांगला जाणाऱ्यांना मी अडवत नाही, खिडकी बंद ठेवून, कॅमेरा पिशवीत ठेवून जावं. पण माणसं बघायला म्हणून जाऊ नका. मुलाला घेऊन तर मुळीच नको, कारण तो जे शिकून येईल ते आपण त्याला शिकवू इच्छित नाही.

शंख-प्रवाळाचं थोडक्यात: मेलेलं असो की जिवंत, प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, कित्येक शंखांनाही. विमानतळावर सामान तपासून काढून घेतात आणि चौकशीही होते. रिकाम्या शंखात शंखखेकडा राहायला येतो, हे मुलाला सांगितलं की तो स्वतःच उचललेला शंख खाली ठेवतो. माझ्या मुलीने ठेवला होता.

राहिलं सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं ते बांधलं गेलं. मधल्या मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. तासाभरात चक्कर होते हे खरं. पण मराठी घरातून इतक्या लांब जाणाऱ्या माणसाला तिथे चक्कर मारायची नसते. बाबाराव आणि विनायकराव हे दोघे सावरकर बंधू याच भिंतींत होते. विनायकराव १९११ मध्ये आले आणि १९२१ पर्यंत राहिले. कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपून दिवसाला तीस पौंड तेल काढायला लावायचे. आणि फक्त आपलेच लोक नव्हते: बंगालचे बारींद्र घोष, उल्लासकर दत्त होते, आणि १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मोइत्रा आणि मोहन किशोर नमादास यांचा अंत झाला. ती नावं भिंतीवर वाचायलाच वेळ लागतो. माझी आई सावरकरांच्या कोठडीत जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "खिडकी किती वर आहे गं." आमच्या गाडीवाल्याचा तोवर दोनदा फोन येऊन गेला होता, कारण पुढे तीन ठिकाणं लागली होती.

म्हणून बहिणीच्या आखणीत पहिल्या संध्याकाळी फक्त जेलमधला ध्वनी-प्रकाश कार्यक्रम ठेवलाय, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत जेल, सासऱ्यांना जिने सावकाश चढता येतील असं. दुपारच्या बोटीने हॅवलॉक, तिथे तीन रात्री. पाचव्या दिवशी सकाळी परत पोर्ट ब्लेअर, आणि त्या दिवसापुढे काहीही लिहिलेलं नाही. सहाव्या दिवशी विमान. नील आणि बाराटांग तिने खोडलं. बोटीची तिकिटं काल काढली.