‘नॅसची हार्ड डिस्क म्हणजे नुसता शिक्का’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की घरच्या नॅससाठी (म्हणजे घरातल्या फाइल नेटवर्कवरून साठवणाऱ्या पेटीसाठी) खास ‘नॅस’ शिक्क्याच्या डिस्क घ्यायला लेखात सांगून मी वाचकांना विनाकारण खर्चात पाडतोय. बॅकब्लेझसारखी ऑनलाइन बॅकअप देणारी कंपनी साध्या डेस्कटॉप डिस्कवर उभी राहिली आणि तुमची स्वतःची साधी डिस्क ७ वर्षं विनातक्रार चालू आहे.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘नॅसच्या डिस्क कमी बिघडतात’ असं मी त्या लेखात ठामपणे लिहिलं होतं, आणि त्याला आधार नव्हता. बॅकब्लेझने २०१३ साली स्वतःचे आकडे दिले तेव्हा साध्या डिस्क बिघडण्याचं वार्षिक प्रमाण ४.२ टक्के होतं आणि मोठ्या कंपन्यांसाठीच्या महागड्या एंटरप्राइझ डिस्कचं ४.६ टक्के. महाग ती टिकाऊ, असं यातून निघत नाही. ते वाक्य मी आज काढून टाकलंय.

सल्ला मात्र मागे घेत नाही. बॅकब्लेझची एखादी डिस्क गेली तर त्यांचं काही अडत नाही. २०१५ साली त्यांनी मांडलेल्या रचनेत एकेक फाइल २० वेगवेगळ्या सर्व्हरमधल्या २० डिस्कवर वाटलेली असायची आणि त्यातले कुठलेही १७ तुकडे मिळाले की फाइल जुळायची. आपल्या घरी असतात दोन डिस्क, दोन्हींवर तीच माहिती. एक गेली की सगळी भिस्त दुसरीवर. म्हणून डिस्क घेताना मी एवढंच बघतो, की जोडीदार गेल्यावर ही कशी वागेल.

इथे एसएमआर या डिस्कवर लिहिण्याच्या पद्धतीचा मुद्दा येतो. अशा डिस्कवर माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात, तसंच इथे एक पट्टी बदलायला पुढच्या कित्येक पुन्हा लिहाव्या लागतात. रोजच्या थोड्या कामात हे जाणवत नाही, पण गेलेलीच्या जागी आणलेली नवी डिस्क भरताना सलग तासन्‌तास लिहावं लागतं आणि ती धापा टाकते. मी स्वतः हे भोगलंय. जोडीतली एक ४ टीबीची डिस्क गेली आणि घाईत जवळच्या दुकानातून साधी डेस्कटॉप डिस्क आणली. ती एसएमआर आहे, हे खोक्यावर कुठेच नव्हतं. झेडएफएस या फाइल साठवण्याच्या प्रणालीवर तिची भरणी तिसऱ्या दिवशीही संपली नव्हती. त्या जोडीवर आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या आणि ते तीन दिवस त्यांची शाबूत प्रत एकाच जुन्या डिस्कवर होती. तेव्हापासून दुसरीकडे बॅकअप ठेवल्याशिवाय मी एकही फाइल नॅसवर टाकत नाही.

शिक्क्यावर भरवसा नको, हे तुमचं म्हणणं मात्र अगदी खरं. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या ‘रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्कमध्ये एसएमआर होतं, हे एप्रिल २०२०मध्ये उघड झालं आणि त्यानंतर सीएमआर (म्हणजे पट्ट्या एकीवर एक न चढवलेल्या) डिस्कसाठी ‘रेड प्लस’ हे नाव आलं. त्यामुळे खोक्यापेक्षा कंपनीच्या माहितीपत्रकात नेमक्या मॉडेल नंबरासमोर ‘सीएमआर’ लिहिलंय का, ते पाहा.

दुसरी बाब, वाचता न येणाऱ्या सेक्टरची, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या कप्प्याची. साधी डेस्कटॉप डिस्क असा सेक्टर वाचायला मिनिटभर किंवा त्याहून जास्त झगडत बसू शकते. नॅस चालवणारं लिनक्स मात्र सहसा ३० सेकंद थांबतं आणि डिस्कला रीसेट करतं. मग धडधाकट डिस्कही जोडीबाहेर फेकली जाऊ शकते. नॅसच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत ‘जमत नाही’ म्हणून कळवतात, आणि चूक दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त होते. तुम्ही नॅस स्वतः लिनक्सवर बांधला असेल तर ती मर्यादा १८० सेकंदांपर्यंत वाढवून साधी सीएमआर डिस्कही नीट चालवता येते. हे मी लेखात सांगायला हवं होतं. तयार पेटी घेणाऱ्याला ते सहसा जमत नाही आणि माझे बहुतेक वाचक तयार पेटीच घेतात.

आता तुमची ७ वर्षांची डिस्क. ती चाललीय याचा आनंद आहे, पण एका डिस्कवरून अंदाज बांधू नका. गूगलने २००७ साली लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात निकामी झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या), तापमान सोडलं तर, आधी काहीच खूण दिसली नव्हती. उलट खूण दिसली तर मात्र ती गंभीर असते: पहिली स्कॅन एरर (डिस्कच्या तपासणीत सापडलेली चूक) आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, अशी एरर न आलेल्या डिस्कच्या ३९ पट होती.

खरेदीबद्दल एक राहिलं. डिस्क हातात आली की परत करायची मुदत संपण्याआधी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी लागू आहे का ते बघा आणि स्मार्टची लांब चाचणी चालवा. मोठ्या डिस्कला ती दिवसभर लागू शकते, लागू द्या. दोन्ही डिस्क एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नका. यूपीएस हवाच.

तुमच्या डिस्कचा मॉडेल नंबर आणि स्मार्टमधल्या ५, १८७ आणि १९७ या ओळींचे (खराब किंवा वाचता न आलेल्या सेक्टरच्या नोंदींचे) आकडे इथेच खाली टाका, मी बघून सांगतो. १९७समोर शून्य नसेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता आज रात्रीच प्रत काढायला लावा.