त्यागचक्रातील नावे वाचायला वेळ ठेवा

दिल्लीच्या सहलीला गेलेली आपल्याकडची बरीच मंडळी इंडिया गेटसमोर छायाचित्रे काढून तिथूनच परत फिरतात. त्या कमानीच्या पलीकडे, हिरवळीतच, सुमारे ४० एकरांवर राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. इंडिया गेटचे दृश्य झाकले जाऊ नये म्हणून ते मुद्दाम जमिनीच्या पातळीखाली बांधले आहे आणि लांबून फक्त मधला स्तंभ दिसतो. इंडिया गेटवरची नावे पहिल्या महायुद्धात आणि १९१९च्या अफगाण युद्धात ब्रिटिशांच्या सैन्यातून लढलेल्यांची आहेत. स्वतंत्र भारतासाठी प्राण दिलेल्यांची नावे राजधानीत एकत्र कोरली जायला २०१९ साल उजाडावे लागले, ही दिरंगाई मला आजही बोचते.

स्मारकातल्या परमयोद्धा स्थळावर परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत आणि गर्दी साहजिकच तिथे जास्त असते. १९४८मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता मोकळा करून देणारे बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता दलातले रामा राघोबा राणे यांच्यासमोर थांबावेच. तरीही माझ्या मते या स्मारकाचा गाभा आहे तो त्यागचक्रात. चक्रव्यूहाच्या रचनेवरून उभारलेल्या या भिंतींमध्ये ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका सैनिकाचे नाव आहे आणि अशी नावे पंचवीस हजारांहून अधिक आहेत. ज्यांच्यावर कधी धडा लिहिला गेला नाही, ज्यांचा पुतळाही झाला नाही, ते शिपाई, नाईक, हवालदार इथे अधिकाऱ्यांच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या विटेवर आहेत. ही समानता मला कोणत्याही भाषणापेक्षा मोठी वाटते. संध्याकाळी एखाद्या हुतात्म्याचे कुटुंबीय इथे पुष्पचक्र वाहतात, तेव्हा त्या हजारो नावांतले एक नाव कोणाचा तरी मुलगा किंवा पती होते, हे समोर उभे राहते.

सातारा जिल्ह्यातले अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर, कोकण इथल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्यांची फौजेची परंपरा आहे. म्हणून माझी शाळांना आणि सहल आयोजकांना कळकळीची विनंती आहे, की दिल्लीला निघण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे आपल्या तालुक्यातील हुतात्म्यांची नावे मागावीत, मुलांना ती वाटून द्यावीत आणि त्यागचक्रात ती शोधायला त्यांना निदान तासभर तरी द्यावा. त्यासाठी खरेदीचा एखादा थांबा वगळावा लागला, तरी खुशाल वगळावा.