संगणक जागा होतो तेव्हा नेमके काय सुरू होते?

संगणक स्लीपमधून जागा होताच एखादा प्रोग्रॅम आपोआप चालावा यासाठी काय करावे, या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर बरीच वर्षे एकाकडून दुसऱ्याकडे जात आहे. त्याचा आशय असा: जागे होणे हे एक प्रकारचे सुरू होणेच असल्याने प्रोग्रॅमचा शॉर्टकट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवावा, तेवढ्याने भागले नाही तर टास्क शेड्युलर या, कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या साधनात काम नोंदवून 'वेक द कंप्युटर टू रन धिस टास्क' या चौकटीत खूण करावी, तरीही अडले तर 'इव्हेंट आयडी १' (विंडोजच्या लॉगमध्ये, म्हणजे घटनांच्या नोंदवहीत, पडणाऱ्या नोंदीचा क्रमांक) हा ट्रिगर, म्हणजे काम सुरू करणारा इशारा, लावावा, आणि लिनक्सवर क्रॉन या, वेळापत्रकाने कामे चालवणाऱ्या सेवेतील 'ॲट रीबूट'ची ओळ हेच काम करते. या चारपैकी तीन विधाने चुकीची आहेत आणि एक अर्धे बरोबर आहे. माणसाचा वेळ सर्वांत जास्त खाते ते हे अर्धे बरोबर विधानच, कारण ते पहिल्या चाचणीत चालते.

पहिल्या विधानाचा घोळ अवस्थांची गल्लत केल्याने होतो. संगणकाच्या वीजवापराच्या अवस्था ठरवणारे एसीपीआय हे मानक डिसेंबर १९९६ मध्ये आले. त्यात पारंपरिक स्लीप म्हणजे एस-३, हायबरनेट म्हणजे एस-४ आणि बंद म्हणजे एस-५ असा स्पष्ट भेद आहे. एस-३ मध्ये प्रोसेसरची वीज तोडली जाते, पण रॅमला त्यातील मजकूर टिकवण्यापुरती वीज मिळत राहते. त्यामुळे चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या उघड्या फायली, अर्धवट टंकलेली ओळ आणि अंमलात यायची पुढची सूचना यांसह जसाच्या तसा रॅममध्ये राहतो आणि जाग येताच तिथूनच पुढे चालू लागतो. नव्याने लॉग-इन होत नाही आणि डेस्कटॉपही नव्याने उभा राहत नाही. स्टार्टअप फोल्डर वाचला जातो तो मात्र लॉग-इननंतर डेस्कटॉप उभा राहतानाच. जागे झाल्यावर पासवर्ड विचारला जातो म्हणून लॉग-इन झाल्याचा भास होतो खरा, पण ते केवळ कुलूप उघडणे असते. टास्क शेड्युलरही या दोन घटना 'ॲट लॉग ऑन' आणि 'ऑन वर्कस्टेशन अनलॉक' अशा दोन निरनिराळ्या ट्रिगरांनी ओळखतो. हायबरनेटमध्ये रॅममधील सारे डिस्कवर उतरवून वीज पूर्ण बंद होते, तरी परतताना तेच जुने सत्र परत येते, म्हणून स्टार्टअप फोल्डरला तेव्हाही कुणी विचारत नाही.

दुसऱ्या विधानाला दोन वाक्ये पुरेत. 'वेक द कंप्युटर' ही खूण नेमून दिलेल्या वेळी झोपलेल्या संगणकाला कामासाठी उठवते; माणसाने स्वतः संगणक उठवल्यावर काय व्हावे याच्याशी तिचा काहीही संबंध नाही.

तिसरे विधान इव्हेंट आयडी १ चे. विंडोज व्हिस्टापासून टास्क शेड्युलरला सिस्टिमच्या लॉगमधील नोंदीवर काम सुरू करता येते, आणि स्लीपमधून परतल्यावर 'पॉवर-ट्रबलशूटर' हा स्रोत 'सिस्टिम' लॉगमध्ये क्रमांक १ ची नोंद करतो, ज्यात झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ आणि उठण्याचे कारण दिलेले असते. इथपर्यंत सल्ला बरोबर आहे. परंतु इव्हेंटचा क्रमांक त्याच्या स्रोतापुरताच अर्थपूर्ण असतो, आणि त्याच लॉगमध्ये 'कर्नल-जनरल' हा स्रोतही घड्याळाची वेळ बदलली की क्रमांक १ चीच नोंद करतो. स्रोत न निवडता नुसता आकडा भरला तर इंटरनेटवरून घड्याळ जुळवले गेले तरी काम सुरू होते. मी हे अनुभवाने शिकलो आहे: माझी बॅकअपची स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) भर दुपारी, संगणक जागाच असताना, अवेळी चालत असे आणि मी दोष स्क्रिप्टमध्ये शोधत बसलो होतो.

स्रोत नीट निवडूनही काम चालत नाही, ही तक्रार त्याहून अधिक ऐकू येते, आणि तिचे कारण बहुधा ट्रिगरमध्ये नसून कामाच्या मूळ सेटिंगमध्ये असते. नवे काम नोंदवताना 'संगणक विजेच्या जोडणीवर असेल तरच सुरू करा' ही अट आधीच लावलेली असते, त्यामुळे बॅटरीवर चालणारा लॅपटॉप उघडला की काम गुपचूप गाळले जाते. दुसरी आधीच निवडलेली सेटिंग अशी की त्या कामाची एक प्रत चालू असेल तर दुसरी सुरू करू नये. ही सेटिंग समंजस आहे, पण झोपेआधी सुरू झालेला प्रोग्रॅम जागे झाल्यावरही चालूच असतो हे लक्षात घेतले, की सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी तो ट्रिगर दुसऱ्यांदा का लागू पडत नाही हे उमगते. अशा वेळी जुनी प्रत थांबवून नवी सुरू करण्याचा पर्याय निवडावा लागतो. 'वापरकर्ता लॉग-इन असो वा नसो, चालवा' असे निवडल्यास काम चालते, मात्र त्याची खिडकी पडद्यावर दिसत नाही. आणि वाय-फाय पुन्हा जोडले जाण्यापूर्वीच काम सुटले तर नेटवर्कवरची ड्राइव्ह त्याला सापडत नाही. ट्रिगरमध्येच ३० सेकंदांचा विलंब ठेवणे हा साधा उपाय आहे.

याशिवाय 'जागे होणे' एकाच प्रकारचे नसते. ठरलेल्या कामासाठी संगणक स्वतःहून उठला, तर विंडोज पडदा न उजळता काम करते आणि कुणी कळफलकाला किंवा माउसला हात लावला नाही तर, मूळ सेटिंगनुसार, सुमारे २ मिनिटांत पुन्हा झोपते. म्हणूनच चालू प्रोग्रॅमांना ते दोन वेगळे संदेश पाठवते: 'रिझ्यूम ऑटोमॅटिक' प्रत्येक वेळी, आणि 'रिझ्यूम सस्पेंड' माणसाच्या हालचालीने जाग आली असेल तेव्हा. पडद्यावर काही दाखवणारा प्रोग्रॅम पहिल्या संदेशावर चालवणे व्यर्थ आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत तर एस-३ नसतेच. त्याऐवजी मॉडर्न स्टँडबाय असते, ज्यात यंत्रणा अत्यल्प विजेवर जागीच राहते. तिथे 'कर्नल-पॉवर' या स्रोताच्या ५०६ आणि ५०७ या नोंदी पाहाव्या लागतात, ज्यांतील ५०७ ही बाहेर पडल्याची. आपल्या यंत्रात कोणती स्लीप आहे हे 'पॉवर-सीएफजी' या आज्ञेला 'ए'चा पर्याय जोडला की लगेच कळते, आणि फिरत्या उत्तरात ही पहिली पायरीच वगळलेली असते.

चौथ्या विधानात लिनक्सच्या नावावर पहिलीच चूक पुन्हा केली आहे. 'ॲट रीबूट'ची ओळ यंत्रणा बूट होऊन क्रॉनची सेवा सुरू होते तेव्हा चालते. स्लीपमध्ये ती सेवा मरत नाही, त्यामुळे ती नव्याने सुरू होण्याचा प्रश्नच येत नाही. सिस्टिमडी (लिनक्समधील सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा मूळ प्रोग्रॅम) असलेल्या यंत्रणेत 'सिस्टिम-स्लीप' या डिरेक्टरीत ठेवलेली स्क्रिप्ट झोपण्यापूर्वी आणि उठल्यानंतर अशी दोन्ही वेळा चालवली जाते, आणि तिला पहिला शब्द अनुक्रमे 'प्री' किंवा 'पोस्ट' असा दिला जातो. तो न तपासणारी स्क्रिप्ट दोनदा चालते, आणि ती संपण्याची सिस्टिमडी वाट पाहत असल्याने रेंगाळणारी स्क्रिप्ट संगणकाची झोपच लांबवते. शिवाय ती रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालते, त्यामुळे वापरकर्त्याच्या पडद्यावर खिडकी उघडण्यासाठी ती जागा योग्य नाही, आणि सिस्टिमडीचे स्वतःचे दस्तऐवजही तिला स्थानिक वापरापुरता तात्पुरता मार्ग मानतात. खिडकी हवी असेल तर वापरकर्त्याच्या सत्रातच एक छोटा प्रोग्रॅम चालू ठेवून लॉगिनडीच्या (सिस्टिमडीच्या, वापरकर्त्यांची सत्रे सांभाळणाऱ्या भागाच्या) 'प्रिपेअर फॉर स्लीप' या संकेताकडे कान द्यावा. तो झोपेआधी 'ट्रू' आणि उठल्यावर 'फॉल्स' हे मूल्य घेऊन येतो, म्हणजे हवे असलेले काम 'फॉल्स'वर सुरू करायचे असते.